गोधडीची ऊब येते कोठून?

जीर्ण झालेले नऊवारी लुगडे रत्नागिरीकडच्या घरांत टाकून देत नसत. त्याचे थर एकावर एक अंथरून, धावदोरा घालून गोधडी शिवत. पण कापड स्वतः उष्णता निर्माण करीत नाही. मग ऊब येते कोठून?

थरांत कोंडलेल्या हवेमुळे. हवा उष्णतेची मंदवाहक आहे. ती जागच्या जागी अडकून राहिली, की अंगाची उष्णता बाहेर जाण्यास वेळ लागतो. टाका फार ओढला तर थर दबतात आणि हवा निघून जाते. जाणत्या आजीचा हात सैल असतो तो उगाच नव्हे!

रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या काळात. त्या दिवसांत ओलसर गोधडीत तुम्ही कुडकुडला असाल. पाण्याची उष्णतावाहकता हवेच्या वीसपटीहून जास्त आहे. शिवाय ओल सुकताना अंगाचीच उष्णता घेते.

करून पाहा. तीन सारख्या डब्यांत सारखेच गरम पाणी शिक्षकांसमक्ष भरा. एकाभोवती जुन्या धोतराचे आठ थर सैल गुंडाळा, दुसऱ्याभोवती तितकेच करकचून, तिसऱ्याभोवती भिजवून पिळलेले. दर ५ मिनिटांनी तापमान नोंदवा. तिसरा डबा लवकर निवेल. पहिल्या दोहोंतला फरक थोडा असेल, म्हणून तापमापक नीट वाचा.