आधी पाणी, मग पॉलिश

भाच्या, एक गोष्ट पहिल्यांदा डोक्यात पक्की कर. मोठी गाडी जुनी झाली की तिची किंमत उतरते, खर्च उतरत नाही. वीस लाखांच्या आसपासची पजेरो आज तुझ्या खिशाला झेपेल एवढ्यात मिळते खरी, पण तिचा क्लच, रेडिएटर, शॉकअप हे सगळं अजून वीस लाखांच्या गाडीचंच आहे. त्यामुळे होते नव्हते ते पैसे गाडी घेण्यात घालू नकोस. जेवढ्याला घेशील त्याचा तिसरा हिस्सा पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेव. तेवढा उरत नसेल तर सरळ बोलेरो घे, तिच्यातही मजा आहे.

पजेरो एसएफएक्सला मी नाही म्हणत नाही, त्याला कारण आहे. हिंदुस्थान मोटर्सने 2002 मध्ये ती इथे आणली आणि 2012 पर्यंत विकली. खाली वेगळी चासी, 2.8 लिटरचं डिझेल इंजिन, टायमिंगला बेल्टऐवजी चेन. कॉम्प्युटर लावल्याशिवाय दुखणं सांगणार नाही अशी ही गाडी नाही. तुझे मित्र तुला जुनी डिस्कव्हरी किंवा रेंज रोव्हर दाखवतील. बसायला राजेशाही, यात वाद नाही. पण एअर सस्पेन्शनची एक पिशवी गळायला लागली की कॉम्प्रेसर दिवसभर पळतो आणि मग तोही बसतो. सकाळी गाडी एका अंगावर झुकून उभी दिसली तर काय समजायचं ते समज. कमी पैशात हौस करायची तर स्प्रिंगवर उभी राहणारी गाडी बघ.

बघायला जाशील तेव्हा मालकाला आदल्या दिवशीच सांग, आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. बॉनेटला हात लावून बघ. गरम लागलं तर चहा घे आणि इंजिन गार होईपर्यंत बस, त्याशिवाय खरं कळणार नाही. आणि आपल्या भागात एक तपासणी जास्तीची. 2019 आणि 2021 च्या पुरात कोल्हापूर-सांगलीच्या किती गाड्या पाण्याखाली गेल्या ते तू बघितलंयस. त्यातल्या काही धुऊन-पुसून अजून बाजारात फिरतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढ, गाळाची रेघ तिथे राहते. गालिचा उचल, सीटचे बोल्ट बघ, डॅशबोर्डखालच्या वायरिंगच्या कपलरवर हिरवट बुरशीसारखं काही दिसतंय का बघ. दिसलं तर कितीही स्वस्त असो, हात जोडून परत ये. इंजिन खोलून बसवता येतं, पुरातलं वायरिंग आयुष्यभर नाचवतं.

दिल्लीकडची गाडी स्वस्त मिळतेय म्हणून उडी मारू नकोस. तिकडे 10 वर्षांवरच्या डिझेलवर 2015 पासून निर्बंध आले, म्हणून ती स्वस्त. इथे आणायची तर एनओसी, इथला रोड टॅक्स आणि आरटीओचे हेलपाटे, सगळं धरून हिशोब कर. तसंही 15 वर्षं झालेल्या गाडीला दर 5 वर्षांनी नोंदणी नव्याने करावी लागते आणि आपल्याकडे पर्यावरण कर भरावा लागतो. 2022 पासून नोंदणीची फी 5,000 रुपये झाली, 20 वर्षांपुढच्या गाडीला आता त्याहून जास्त. हे पैसे गाडीच्या किमतीतच धर.

आता मुद्द्याचं. या इंजिनाचा जीव पाण्यात आहे. ब्लॉक बिडाचा, हेड अॅल्युमिनियमचं. एकदा जरी नीट तापलं तरी हेड वाकडं होतं किंवा त्याला तडा जातो, आणि मग जो खर्च निघतो त्यात एखादी बऱ्यापैकी मोटारसायकल येते. त्यामुळे गाडी घरी आली की स्टिकर, लाइट, टायर काही बघायचं नाही. रेडिएटर खाली उतरवून रॉडिंग करून घे, वरचे-खालचे होज पाइप आणि क्लिपा नव्या टाक, थर्मोस्टॅट नवा, बेल्ट नवे. बोअरचं पाणी अजिबात ओतू नकोस, आतून क्षार धरतात. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं.

गॅरेजमध्ये कुणीतरी म्हणणारच, ‘थर्मोस्टॅट काढून टाकूया, गाडी थंड राहते.’ काढू देऊ नकोस. काही इंजिनांत थर्मोस्टॅट नसला की पाण्याची आडवाट उघडीच राहते, काही पाणी रेडिएटरकडे न जाता इंजिनातच गोल फिरतं आणि घाटात गाडी उलट जास्त तापते. शिवाय थंड इंजिन डिझेल जास्त पितं.

फॅन बघायची एक रीत सांगतो. गाडी चांगली फिरवून आण, इंजिन बंद कर, किल्ली स्वतःच्या खिशात टाक आणि मग फॅनचं पातं बोटाने ढकल. जड लागलं आणि लगेच थांबलं तर फॅन क्लच जिवंत आहे. मोकळं गरगर फिरलं तर त्यातलं सिलिकॉन तेल गेलंय. तो फॅन सपाटीला पुरेल, गगनबावड्याच्या चढाला एसी लावून नाही पुरणार. दुसरी परीक्षा सकाळची. रात्रभर उभ्या गाडीचं झाकण उघडून पाणी बघ. गंजाचा तपकिरी रंग किंवा तेलाचा तवंग आहे का? मग इंजिन चालू करून बुडबुडे येतायत का ते बघ. थंड इंजिन सुरू केल्या-केल्या वरचा होज दाबून दगडासारखा लागला, तर सिलिंडरचं प्रेशर पाण्यात येतंय. त्याचा अर्थ हेड गॅस्केट गेलं किंवा हेडला तडा गेला. घ्यायच्या आधी हे दिसलं तर एक तर किंमत पाड, नाहीतर सोडून दे.

टेम्परेचरच्या काट्यावर फार विसंबू नकोस. तो बराच वेळ मध्येच उभा राहतो आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. पाणी पूर्ण गेलं तर सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खाली येतो. काटा खाली आला म्हणून खूश होणारे हेडचं बिल भरतात. ऑटो इलेक्ट्रिशियनला सांगून हेडच्या बोल्टखाली बसणारा वेगळा सेन्सर आणि आतमध्ये बझर लावून घे. माझ्या मते या गाडीवर करायचं पहिलं मॉडिफिकेशन हेच. घाटात बझर वाजला तर एसी बंद, हीटर फुल्ल, बाजूला घेऊन इंजिन थोडा वेळ चालू ठेव. वाफ निघतेय किंवा पाणी गळतंय असं दिसलं तर मात्र लगेच बंद. आणि गरम झाकणाला हात लावायचा नाही, कुणी कितीही घाई केली तरी.

याच कारणासाठी पंपाचं डिझेल वाढवून घेऊ नकोस. ‘थोडा स्क्रू फिरवतो, पिकअप बघा’ असं सांगणारे भेटतील. पिकअप येतो, मागे काळा धूर येतो, एक्झॉस्टचं तापमान चढतं आणि शेवटी सगळं त्या हेडवर येतं. पीयूसीही लटकते. त्यापेक्षा नोझल आणि पंपाचं कॅलिब्रेशन कंपनीच्या मापाला करून घे. दमलेली गाडी तेवढ्यानेच ओढायला लागते.

दुसरी एक खोड तुला नक्की भेटेल. डॅशबोर्डवर गाडीचं छोटं चित्र आहे, त्यात चारी चाकांचे दिवे. कधीतरी पुढच्या दोन चाकांचे दिवे लुकलुकत राहतील, विझणार नाहीत, धड पेटणारही नाहीत. कुणी म्हणेल ट्रान्स्फर केस गेली, खोलावी लागेल. खोलू देऊ नकोस. या गाडीचा पुढचा अॅक्सल जोडायचं-सोडायचं काम व्हॅक्यूमवर चालतं. इंजिनापाशी दोन छोटे सोलेनॉइड आहेत, तिथून बारीक रबरी नळ्या खाली अॅक्सलच्या अॅक्च्युएटरला जातात. वीस वर्षांत त्या नळ्या तडकतात, टोकाशी सैल होतात. टोकाचा तडकलेला भाग कापून नळी परत घट्ट बसव. अॅक्च्युएटरची नळी काढून तोंडाने ओढून बघ. जीभ लावून धरली की ओढ टिकली पाहिजे. टिकली नाही तर आतला पडदा फाटलाय. बहुतेक वेळा नळीच असते, आणि ती मीटरवर मिळते.

फोर-व्हीलची लिव्हर वापरायची रीतही समजून घे. 4एच साध्या डांबरावर, पावसात, खुशाल चालते, कारण मधलं डिफरन्शियल मोकळं असतं. 4एचएलसीमध्ये ते लॉक होतं, म्हणून ते फक्त चिखल, वाळू, सैल खडी यांच्यासाठी. डांबरावर लॉक ठेवून वळणं घेतलीस तर दातऱ्यांवर ताण येतो. 4एलएलसी घालताना गाडी पूर्ण उभी कर. आणि महिन्यातून एकदा फोर-व्हील लावून थोडं चालव, नाहीतर गरज पडेल त्या दिवशी लिव्हर हलणार नाही.

आता तुझी यादी. गाडी उंच करायची, मोठे टायर, पुढे बुलबार, वर लाइटबार, स्नॉर्केल. कोकणात जाऊन यायला यातलं बहुतेक काही लागत नाही. पुढे टॉर्शन बार आहेत, बोल्ट आवळला की नाक फुकटात वर येतं, म्हणून सगळे आवळतात. इंचभर ठीक. त्यापुढे चाक खाली जायची जागा संपते, एक्सलचे जॉइंट तिरके चालतात, बूट फाटतात, बॉल जॉइंट जातात आणि आतल्यांची कंबर मोडते. त्याऐवजी मागच्या बसलेल्या कॉइल स्प्रिंगा बदल, चारी शॉकअप आणि पुढच्या आर्मचे बुश नवे टाक, मग अलाइनमेंट. गाडी आपोआप तिच्या मूळ उंचीला येते आणि ती उंची काही कमी नाही.

टायर दाराच्या स्टिकरवर असेल त्याच मापाचा, ऑल-टेरेन. मड टायर हायवेवर गुणगुणतो, पावसात ओल्या डांबरावर धरत नाही आणि तू वर्षभर हायवेवरच असणार. स्वस्तात मिळालेल्या टायरच्या बाजूचे चार आकडे वाच. 2319 म्हणजे 2019 च्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी कितीही खोल दिसो, जुनं रबर कडक झालेलं असतं.

बुलबारचा नाद सोड. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत असे बदल करता येत नाहीत. डिसेंबर 2017 मध्ये केंद्राने बुलबारवर कारवाई करायला राज्यांना कळवलं आणि जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानेही मूळ रचनेत बदल नको असंच सांगितलं. दंडाचं सोड, अपघात झाला तर विमावाला कशावर बोट ठेवेल? आणि पाईप आपल्याला वाचवतो असं वाटतं, समोरून चालणाऱ्या माणसाचं काय होतं ते कुणी बघत नाही.

बदल करायचाच तर न दिसणारे कर. अॅक्सलचा ब्रीदर बघ. तापलेला अॅक्सल ओढ्याच्या गार पाण्यात उतरला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढते. ब्रीदरला लांब नळी लावून ती इंजिनरूममध्ये वर बांध. काही शे रुपयांचं काम आहे. पाण्यातून आल्यावर डिफरन्शियलचा प्लग सैल करून तेल बघ. चहासारखं दुधाळ निघालं तर त्याच दिवशी बदल. हेडलाइटला रिले आणि फ्यूज घालून थेट बॅटरीवरून लाइन दे, इंजिन-चासीच्या अर्थिंगच्या वायरा घासून घट्ट कर. दिवे तेच, उजेड वाढतो. टो हुक चासीला नीट बोल्ट केलेले आहेत का ते बघून घे, दोरी कुठेही बांधायची नसते.

पावसाळ्यात आंबा किंवा फोंडा घाट उतरून कोकणात गेलास की लाल चिखल चासीच्या पोकळीत जाऊन बसतो आणि तिथेच गंज धरतो. वॉशिंग सेंटरवर बाहेरची चमक बघू नकोस, चासीच्या भोकांतून पाण्याचा फवारा मारून घे, स्वच्छ पाणी निघेपर्यंत. समुद्राच्या वाळूत गाडी घालू नकोस. घातलीच तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धू. आणि धुतल्यावर खालून डिझेल-ऑइलचा स्प्रे मारतो म्हणतील, त्याला नको म्हण. दोन दिवस चासी काळीभोर दिसते, आणि नवे घातलेले बुश त्या तेलात फुगून मऊ पडतात.

तेल दर 5,000 किलोमीटरला, ब्रेक ऑइल दोन वर्षांनी, डिझेल फिल्टरखालचं पाणी महिन्याला सोडायचं, घाट चढून थांबल्यावर टर्बोसाठी मिनिटभर आयडल. यावर फार बोलण्यासारखं काही नाही, फक्त करायचं.

पार्टचं म्हणशील तर ‘पजेरोचं’ असं म्हणून दुकानात जाऊ नकोस, नाव ऐकूनच भाव चढतो. जुनी बेअरिंग धुऊन तिच्यावरचा नंबर वाच आणि बेअरिंगच्या दुकानात तो नंबर सांग. ऑइल सीलवर आतलं माप, बाहेरचं माप आणि जाडी मिलिमीटरमध्ये छापलेली असते, त्यावर सील मिळतं. बुशाची पितळी किंवा लोखंडी बाही कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर करून मिळेल, पण ब्रेक आणि स्टिअरिंगच्या कामाला घडवलेला पार्ट लावायचा नाही, तिथे ओरिजिनलच. जुना मोठा पार्ट हवा तर कुर्ल्याला सीएसटी रोडवर विचार. ही गाडी चेन्नईजवळ तिरुवल्लूरला जुळायची, त्यामुळे चेन्नईच्या पुदुपेट्टईतही चौकशी करून ठेव. जुना पार्ट मागवताना चारी बाजूंचे फोटो आणि त्यावरचा नंबर आधी माग, मगच पैसे पाठव.

हे सगळे नंबर एका वहीत लिही, तारीख आणि किलोमीटरसकट. गॅरेजवाल्याला सांग, काढलेला प्रत्येक पार्ट परत दे. त्यातला चालू असलेला बेल्ट आणि बरा होज डिकीत टाक. आंबोलीत रात्री बेल्ट तुटला तर तोच घालून खाली उतरायचंय.