मधल्या सुट्टीतली तालीम

सायली, परवा फोनवर तू विचारलंस, "मावशी, विद्यापीठात दुपारी तायक्वांदोचा वर्ग असतो, जाऊ का? पस्तिशीला शोभेल का?" जा. मी एकेचाळिसाव्या वर्षी असल्याच दुपारच्या वर्गात पाऊल टाकलं आणि ग्रंथालयातून निवृत्त होईपर्यंत जात राहिले. तेव्हा जे मला कुणी सांगितलं नाही आणि चुका करून शिकावं लागलं, ते तुला आधीच सांगून ठेवते.

पहिली गोष्ट लाथेबुक्कीची नाही, वेळेची. इंग्लंडच्या कायद्यानं सहा तासांपेक्षा जास्त काम करणाऱ्याला सलग २० मिनिटांची सुट्टी बांधून दिली आहे, तेवढीच. तासभराची मधली सुट्टी मिळते ती नोकरीच्या करारातून. म्हणून आधी तुझा करार काढून वाच. तास लिहिला असेल तर कॅलेंडरमध्ये मंगळवार-गुरुवारचे १२ ते १ आत्ताच अडवून ठेव, आणि तिथे 'तायक्वांदो' असंच लिही. 'खासगी' लिहिलंस की लोकांना वाटतं, हे सरकवता येईल. माझ्या एका वरिष्ठांनी अख्खं सत्र साडेबाराच्या बैठका लावल्या. मी गप्प बसले आणि तेवढं सत्र गेलं. पुढच्या सत्राच्या आधी जाऊन सरळ सांगितलं, तर बैठक एका दिवसात अकरावर गेली. मागायलाच उशीर केला होता मी.

आता त्या तासाचा हिशेब. १२:०५ ला खुर्ची सोडायची, १२:१५ ला रांगेत, १२:५० ला निरोपाचं वाकणं, एकला परत टेबलाशी. हातात मिळतात ती पस्तीस मिनिटं. त्यातली पहिली सात-आठ अंग मोकळं करण्याची, आणि तीच उशिरा येणाऱ्याची बुडतात. उशीर झालाच तर घाईनं रांगेत घुसू नकोस. दाराशी उभी राहा, वाकून नमस्कार कर, सरांनी मान हलवली की कडेला जाऊन आधी तुझं अंग तूच गरम कर. फेब्रुवारीतल्या एका दुपारी मी बाहेरच्या गारठ्यातून धावत आले आणि तशीच उंच लाथ मारली. मांडीच्या मागे चर्र झालं. सहा आठवडे जिना एकेक पायरी करत चढले. त्या सात मिनिटांवर कधीही पाणी सोडू नकोस.

खाण्याचं सोपं आहे. साडेदहाला एक केळं किंवा तूप-गूळ लावलेली अर्धी पोळी. डबा परत आल्यावर. बाराच्या आधी भात खाल्लास तर पाय उचलणार नाही.

दागिने घरीच ठेव. मंगळसूत्र, बांगड्या काढायच्या हे तुला सुचेलच, जोडव्यांचं सुचणार नाही. वर्ग अनवाणी असतो. पायातलं जोडवं गादीच्या सांध्यात अडकतं, नाहीतर समोरच्याच्या नडगीवर ओरखडा काढतं. ती काढायला माझं मन धजेना, पहिले दोन आठवडे मी वरून पट्टी गुंडाळून गेले. मग जोडीला असलेल्या मुलीला लागलं. त्या दिवसापासून पिशवीत एक छोटा बटवा ठेवला. वर्गाआधी काढायची, वर्गानंतर घालायची. पायाची नखंही आदल्या रात्री कापून ठेव.

डोबोक, म्हणजे तो पांढरा पोशाख, पहिल्या महिन्यात विकत घेऊ नकोस. आधी सरांना विचार, शाखा कुठली. जनरल चोई होंग ही यांनी १९६६ मध्ये काढलेल्या संघटनेची शाखा वेगळी आणि ऑलिंपिकमध्ये दिसते ती सोलच्या कुक्कीवॉनला मानणारी वेगळी. पहिलीत चोवीस 'तुल', म्हणजे ठरलेल्या हालचालींचे क्रम, शिकायचे, दुसरीत तसेच रंगीत पट्ट्यांसाठी आठ 'तेगुक'. पोशाखही निराळे: एकाचा सदरा समोरून बंद होतो, दुसऱ्याचा गळा इंग्रजी व्हीसारखा, डोक्यावरून घालायचा. आत साधा टी-शर्ट घाल. घामाचा डोबोक पिशवीत कोंबून संध्याकाळपर्यंत ठेवायचा नाही. खुर्चीच्या पाठीवर नको वाटलं तर कपाटाच्या दाराआड टांग, पण वारं लागू दे.

आता खरी विद्या. वर्गात सगळ्यांचं लक्ष उडणाऱ्या पायाकडे असतं, तू जमिनीवरच्या पायाकडे बघ. 'दोल्यो चागी', म्हणजे गोल फिरून मारायची लाथ, सुरुवातीलाच शिकवतात आणि गुडघे तिथेच जातात. क्रम असा: आधी गुडघा छातीकडे वर. मग उभा पाय चवड्यावर फिरवायचा, इतका की टाच लक्ष्याकडे वळली पाहिजे. त्याबरोबर कंबर वळते, आणि सगळ्यात शेवटी गुडघ्यापासून पाय सुटतो. उभा पाय जमिनीला चिकटून राहिला आणि वरचं शरीर फिरलं, तर सगळा पीळ गुडघ्याला पडतो. गादी पायाला धरून ठेवते, म्हणून टाच आधी उचलून पाय हलका कर. रात्री ओट्याला धरून, मोजे घालून, लाथ न मारता नुसती टाच फिरवत जा, दहा-दहा वेळा. मी कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत तेवढंच करायचे. उंची आपोआप येते. कंबरेएवढी नीट बसलेली लाथ डोक्याएवढ्या वेड्यावाकड्या लाथेपेक्षा शंभरपट बरी, हे विद्यार्थ्यांना पटत नाही. तुला पटू दे.

मूठ वळताना अंगठा बाहेर, बोटांवर आडवा. जोडीदारासाठी गादीचा हातमोजा धरशील तेव्हा तो चेहऱ्यासमोर धरू नकोस, बाजूला धर आणि कोपर किंचित सैल ठेव.

आकडे आधीच पाठ कर: हाना, दुल, सेत, नेत, दासोत, योसोत, इल्गोप, योदोल, आहोप, योल. 'चार्योत' म्हणजे सावधान, 'क्योंग्ये' म्हणजे वाकून नमस्कार, 'सिजाक' म्हणजे सुरू. बाकी रीत तुला परकी वाटणार नाही. तालमीत शिरताना आपल्याकडे मातीला हात लावून कपाळाला लावतात, इथे दाराशी वाकतात. वस्तू द्यायची-घ्यायची दोन्ही हातांनी, प्रसाद घेतो तशी. पट्टा सुटला तर सरांकडे पाठ करून बांधायचा.

आणि ती रांग! तिच्यासाठी मी इतकी वर्षं गेले. उभं राहायचं ते पट्ट्याच्या क्रमानं. आमच्या पुढच्या ओळीत निळ्या पट्ट्याच्या सफाई कामगार बाई असायच्या, माझ्या शेजारी पहिल्या वर्षाचा एक मुलगा, आणि सगळ्यात मागे पांढऱ्या पट्ट्यात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. त्यांना पहिलं तेगुक त्या बाईंनी शिकवलं, त्यांचं मनगट धरून. अठरा हालचालींचं 'तेगुक इल जांग'. त्याचं चिन्ह तीन अखंड रेघा, अर्थ आकाश. दक्षिण कोरियाच्या झेंड्याच्या एका कोपऱ्यात तेच चिन्ह आहे, आणि पावलंही तशाच तीन रेघांवर पडतात. वर्गाबाहेर त्या बाई आणि ते प्राध्यापक कधी एका टेबलाशी बसले नसते. तू तिथे संशोधक, अमक्या विभागाची, हे सगळं चपलांबरोबर बाहेर ठेव. तुझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान मुलगी काही सुधारायला सांगेल, तर "हो" म्हण आणि करून दाखव.

बुधवारी दुपारी इथल्या विद्यार्थ्यांना खेळासाठी तासिका नसतात, त्या दिवशी गर्दी. शिकायचं असेल तर मंगळवार-गुरुवार बरे.

मे महिना मात्र जप. परीक्षा लागल्या की क्रीडागृहात बाकं मांडली जातात, वर्ग कुठल्यातरी नाचाच्या खोलीत हलतो आणि विद्यार्थी येईनासे होतात. त्या वेळी वर्ग टिकतो तो आपल्यासारख्या नोकरदारांवर. एका जूनमध्ये आम्ही तिघंच उरलो होतो: सर, त्या निळ्या पट्ट्याच्या बाई आणि मी. खोलीचं भाडं निघत नव्हतं, म्हणून ग्रंथालयामागच्या हिरवळीवर केला वर्ग. पावसानं गवत ओलं होतं, टाच सहज फिरायची.

माझा पहिला डोबोक कपाटात वरच्या खणात आहे, पांढऱ्या गळ्याचा. तुमच्या सरांची शाखा माझ्यासारखी कुक्कीवॉनचीच निघाली तर पुढच्या रविवारी येऊन घेऊन जा. विजार तुला दोन इंच लांब होईल, दुमडून टीप मारून ठेवते.