थंडीत बागेवर खार: बंदूक खाली ठेवा, आधी चावा ओळखा

दिवाळी सरली की बेलापूरच्या शिवारात कामांची एकच गर्दी उडते. ऊसतोडीच्या टोळ्या फडात उतरतात, गव्हाची पेरणी आणि कांद्याची लागण चालू होते आणि त्याच सुमारास मृग बहराचा पेरू पोपटी दिसू लागतो. प्रवरेच्या काठचा हा सगळा पट्टा कालव्याच्या पाण्यावर वाढला. भंडारदऱ्याचे धरण 1926 साली पूर्ण झाले, पाण्यामागोमाग ऊस आला, जवळच हरेगावला बेलापूर कंपनीचा साखर कारखाना चालला. पुढे ठिबक आले, तसे उसाच्या बांधाला लागून पेरू, डाळिंब आणि चिकूच्या बागा उभ्या राहिल्या. शेजारच्या राहाता तालुक्याने तर पेरूवर नावच कमावले.

बाग आली तशी खारही आली. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात बागायतदारांच्या बोलण्यात तिचे नाव हमखास निघते. तोडणीला आलेले फळ सकाळी बघावे तर अर्धे कुरतडलेले. ठिबकची नळी दोन ठिकाणी फुटलेली. मग कोणीतरी सुचवतो, छऱ्याची बंदूक घे. तिला परवाना लागत नाही, मोबाइलवर मागवली की घरपोच येते, आणि परदेशात लोक थंडीत अशाच खारी टिपतात, असे त्याने व्हिडिओत पाहिलेले असते.

हा सल्ला ऐकू नये. खारीने होणारे नुकसान खरे आहे आणि त्याचा बंदोबस्त करायलाच हवा, पण छऱ्याने तो होत नाही. शिवाय फळामागे चार पैसे वाचवायला जाऊन शेतकरी फौजदारी गुन्ह्यात अडकतो.

परवाना बंदुकीचा, शिकारीचा नव्हे

2016 च्या शस्त्र नियमांनुसार 4.5 मिलिमीटर नळीच्या आणि 20 ज्यूलपर्यंत ताकदीच्या हवेच्या बंदुकीला परवाना लागत नाही, हे खरे. ती सवलत बंदूक बाळगण्यापुरती आहे. तिने काय मारायचे, हे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 ठरवतो आणि आपल्या बांधावरच्या पाच पट्ट्यांच्या खारीला त्या कायद्याचे संरक्षण आहे. कायद्यात शिकारीची व्याख्याही रुंद आहे. गोळी घालणे तर आलेच, पण विष घालणे, फास लावणे, पिंजऱ्यात पकडणे हेही शिकारीतच मोडते. उंदरासाठी मिळणारा चिकट पुठ्ठा खारीसाठी फांदीवर बांधला, तरी तो याच व्याख्येत येतो. 2022 च्या दुरुस्तीनंतर अशा गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते.

उभ्या पिकाला एखाद्या वन्यप्राण्याचा गंभीर उपद्रव होत असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी कारणे नोंदवून लेखी परवानगी देऊ शकतो. ती वाट वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याच्या कार्यालयातून जाते. ग्रामपंचायतीच्या ठरावाने किंवा शेजाऱ्याच्या होकाराने ही परवानगी मिळत नाही.

हवेच्या बंदुकीने काय होते, ते अरुणाचल प्रदेशाने अनुभवले आहे. तिथे घरोघरी या बंदुका होत्या आणि रानातले पक्षी व लहान प्राणी त्यांना बळी पडत होते. 2021 मध्ये राज्य सरकारने बंदुका स्वखुशीने जमा करण्याची मोहीम काढली आणि लोकांनी दोन हजारांहून अधिक बंदुका आणून दिल्या.

व्हिडिओतली खार वेगळी

मोबाइलवर दिसणारी थंडीतली शिकार बहुतेक वेळा इंग्लंडातली असते. तिथली करडी खार मूळची उत्तर अमेरिकेतली. 1876 मध्ये चेशायर परगण्यात ती सोडली गेली, पुढे देशभर पसरली, तिने स्थानिक तांबड्या खारीला हुसकावले आणि जंगलातल्या झाडांच्या साली सोलल्या. म्हणून तिथला कायदा तिला मारू देतो. हिवाळ्यात तिथल्या झाडांची पाने झडतात, फांद्या उघड्या पडतात आणि नेम धरता येतो.

बेलापूरचा पेरू सदाहरित आहे. ऐन पौषातही त्याचा पाला दाट असतो. शंभर ग्रॅमच्या आसपास वजनाची खार त्या पाल्यात दिसेपर्यंत नाहीशी होते. चुकलेला छरा मात्र थांबत नाही. तो शंभर मीटरच्या पुढेही जातो, फांदीला घासून दिशा बदलतो, आणि तोडणीच्या दिवसांत बागेत मजूर बायका झाडाआड वाकून काम करत असतात. डोळ्याला लागलेला छरा कायमचे आंधळेपण देतो. छरा बहुधा शिशाचा असतो, हेही ध्यानात ठेवावे.

एवढे करून दोन-चार खारी मेल्याच, तरी बांधावरच्या लिंबावरून, चिंचेवरून दुसऱ्या येतात, कारण खाणे आणि आसरा जागच्या जागीच असतो. आपली ही खार नव्या जागी किती पटकन रुळते, याचा दाखला ऑस्ट्रेलियात आहे. 1898 मध्ये पर्थच्या प्राणिसंग्रहालयातून सुटलेल्या मोजक्या पाच पट्ट्यांच्या खारींची वस्ती त्या शहरात कायमची झाली.

फळ फोडले कोणी?

खारीच्या नावावर पोपट, वटवाघूळ आणि उंदरांचेही नुकसान जमा होते. चौघांवर उपाय निरनिराळे असल्यामुळे फवारणी-जाळीचा खर्च करण्याआधी एक दिवस बाग नीट पाहावी.

खारीने फोडलेले डाळिंब देठाला तसेच लटकलेले असते. सालीवर नाण्याएवढे भोक, भोकाची कड बारीक खरवडलेली, आत दाणे गायब आणि पांढरे पापुद्रे शिल्लक. पेरूवर दोन-दोन समांतर बारीक खोबणी दिसतात, वरच्या दोन दातांच्या. तेच फळ ती दुसऱ्या दिवशी पुन्हा खाते. पोपटाचा घाव चोचीचा, खोल आणि तिरका असतो. तो थोडे खाऊन फळ टाकतो, त्यामुळे झाडाखाली अर्धवट, कच्च्या फळांचा सडा पडतो. वटवाघूळ रात्री येते. रस चोखून टाकलेला चोथा, किंवा पेरूच्या झाडापासून दूर, मोठ्या झाडाखाली पडलेल्या पेरूच्या बिया ही त्याची खूण. उंदीर-घुशीचा माग जमिनीवर मिळतो: ताजी उकरलेली माती, बिळाचे तोंड, जमिनीला टेकलेल्या फांदीवरची फळे.

वेळही सांगून जाते. खार दिवसाची आहे. ती थंडीत झोपी जात नाही, पण कडाक्याच्या सकाळी उशिरा बाहेर पडते, उन्हात अंग शेकते आणि मग खायला लागते. सकाळी सहाला नवीन कुरतडलेले फळ सापडले, आदल्या संध्याकाळी ते धड होते, तर खारीचा त्यात हात नाही. त्यामुळे राखणीला माणूस ठेवायचाच असेल, तर भल्या पहाटे ठेवून उपयोग नाही. ऊन वर आल्यापासून मध्यान्हापर्यंत आणि दुपार कलल्यावर सूर्यास्तापर्यंत तो बागेत फिरता हवा.

आता करायची कामे

पहिला उपाय तोडणीचा. खार पिकलेल्या, वासाच्या फळावर जाते. गडद हिरवा रंग फिकट होऊन पोपटी होताच फळ काढावे, झाडावर पिवळे होऊ देऊ नये. थंडीत फळ सावकाश पिकते म्हणून तोड्यातले अंतर वाढवण्याकडे कल असतो. नेमके तिथेच नुकसान होते. दर दोन-तीन दिवसांनी तोडा फिरवावा, फोडलेली आणि गळालेली फळे त्याच फेरीत गोळा करून खड्ड्यात पुरावीत. ती झाडाखाली राहिली तर खार, उंदीर आणि फळमाशी तिघांचीही सोय होते.

दुसरा उपाय फांद्यांचा. सहा बाय सहा मीटरवरच्या जुन्या लागवडीत झाडे सुटी असतात, पण तीन बाय दोन मीटरच्या घन लागवडीत एका टोकाला चढलेली खार जमिनीला पाय न लावता दुसऱ्या टोकाला निघते. बांधावरच्या बाभळीची, लिंबाची बागेवर झुकलेली फांदी छाटावी. ओळीच्या शेवटचे झाड आणि बांधावरचे झाड यांत दोन मीटर मोकळे असावे. छाटणीचा काडीकचरा, नारळाच्या झावळ्या, जुने पाइप यांचे ढीग बागेच्या कडेला साठवू नयेत.

चिकू, नारळ, जुना आंबा अशा सरळ बुंध्याच्या, सुट्या झाडांना गुळगुळीत पत्र्याचा पट्टा चालतो. रुंदी दीड ते दोन फूट, उंची जमिनीपासून साधारण चार फूट. खिळे न मारता तारेने बांधावा आणि बुंधा जाड होईल तसा दरवर्षी सैल करावा. पेरू आणि डाळिंबाला हा उपाय नाही. त्यांच्या फांद्या जमिनीजवळून फुटतात.

फळ लिंबाएवढे असताना फोमची जाळी आणि त्यावर प्लास्टिक पिशवी चढवण्याची पद्धत पेरूत आता रुळली आहे. फळमाशी, डाग आणि पोपट यांवर ती चांगली चालते. खार मात्र पिशवी फाडू शकते, म्हणून पिशवीवर विसंबून तोडा लांबवू नये. पक्षिरोधक जाळी टाकायची असेल तर ती ताणून बांधावी आणि खालची कड मातीत दाबावी. सैल लोंबणाऱ्या जाळीत धामण अडकून मरते आणि धामण तर उंदरांवरची आपली फुकटची राखण. रोज एक फेरी जाळीभोवती मारावी.

ठिबकच्या नळ्या खार आणि उंदीर दोघेही कुरतडतात. कुरतडणे हा त्यांच्या सतत वाढणाऱ्या दातांचा धर्म आहे, पण उघडे पाणी जवळ नसले की नळीवरचा मारा वाढतो. बागेच्या चारही कोपऱ्यांत, झाडांपासून थोडे दूर, खापरात किंवा पसरट भांड्यात पाणी ठेवावे आणि ते रोज भरावे. पाणी सोडल्यावर ओळीने चालून कारंजे उडते तिथे खूण करावी, जॉइनर टाकावा. एकाच पट्ट्यात वारंवार नळी फुटत असेल, तर आजूबाजूला बीळ शोधावे.

खरा मोठा उपद्रव बिळात

बेलापूर पट्ट्यात थंडीत जास्त लक्ष द्यायचे ते उंदरांकडे. ऊस तुटला की फडातली घूस आणि उंदीर शेजारच्या गव्हात, हरभऱ्यात आणि बागेत सरकतात. ते रात्री फिरतात, त्यामुळे बंदुकीचा तिथेही उपयोग नाही. फड मोकळा झाल्यापासून आठवडाभरात बांध तपासावेत.

पहिल्या दिवशी संध्याकाळी सगळी बिळे मातीने बुजवावीत. दुसऱ्या दिवशी जी उकरलेली दिसतील तीच वापरातली. त्यांत दोन दिवस तेल लावलेली साधी भरड टाकून उंदरांना चटक लावावी. मग 96 भाग भरड, 2 भाग गोडेतेल आणि 2 भाग झिंक फॉस्फाइड असे आमिष काठीने, हातमोजे घालून कालवावे आणि प्रत्येक बिळात साधारण 10 ग्रॅम, कागदाच्या पुडीत बांधून आत सारावे. बिळाचे तोंड बंद करावे. मेलेले उंदीर गोळा करून खोल पुरावेत. एकदा विषाची चव कळलेले उंदीर पुन्हा त्याला शिवत नाहीत, म्हणून आठ-दहा दिवसांनी राहिलेल्या बिळांत ब्रोमॅडिओलोनचे 0.005 टक्के तीव्रतेचे आमिष वापरावे. हे काम एकट्याने केले तर शेजारच्या रानातून उंदीर परत येतात. एका चारीवरच्या सगळ्यांनी एकाच आठवड्यात करावे.

आमिष उघड्यावर, बांधावर किंवा झाडाच्या बेचक्यात कधीही ठेवू नये. ते दिवसा खार, होले आणि कोंबड्या खातात, आणि लहान मुलांच्या हाती लागू शकते. गव्हात इंग्रजी टी आकाराचे पक्षी थांबे रोवावेत. रात्री त्यांवर गव्हाणी घुबड बसते आणि उंदीर टिपते.

नुकसान हाताबाहेर जात असेल, तर फोडलेल्या फळांचे, नळ्यांचे आणि बिळांचे तारखेसह फोटो काढून बाभळेश्वरच्या कृषी विज्ञान केंद्राकडे किंवा राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात दाखवावेत. किती झाडांपैकी किती झाडांवर आणि कोणत्या बाजूच्या ओळींवर चावे आहेत, एवढी नोंद सोबत असली की सल्ला नेमका मिळतो. हस्त बहराच्या डाळिंबाची तोडणी फेब्रुवारीनंतर येते. त्या बागांतल्या बांधाच्या फांद्या आणि काडीकचऱ्याचे ढीग जानेवारी संपण्याआधी काढून घ्यावेत.