टू-स्ट्रोक मोटारसायकल : डांबरी रस्त्यावर व जांभ्याच्या वाटेवर

सिंधुदुर्ग जिल्ह्यात घर, बाग आणि बाजार यांना जोडणारी वाट क्वचितच एकसारखी असते. राष्ट्रीय महामार्ग ६६ सोडला की काही अंतर डांबरी रस्ता लागतो, पुढे खडीचा रस्ता येतो आणि शेवटी कातळाच्या सड्यावरून वाडीत उतरणारी लाल मातीची घाटी लागते. देवगडचा आंबा-बागायतदार असो, मालवणच्या किनाऱ्यावरून मासळी घेऊन गावोगाव फिरणारा विक्रेता असो, की वाड्यांना भेटी देणारा गावपातळीवरील कर्मचारी असो, एकाच फेरीत त्याला या तिन्ही वाटांवरून जावे लागते. म्हणून या भागात हलकी, उचलून वळविता येईल अशी आणि गावातच दुरुस्त होईल अशी गाडी लोकांनी पसंत केली.

ही गरज दीर्घकाळ टू-स्ट्रोक इंजिनाच्या गाड्यांनी भागविली. १९६०च्या दशकापासून राजदूत मोटारसायकल ग्रामीण भागात रुळली. १९७२ मध्ये पुण्याच्या कायनेटिक कंपनीने ५० घनसेंटिमीटर क्षमतेची लूना बाजारात आणली. पुढे टीव्हीएसच्या मोपेड व बजाजची एम-८० आली आणि १९८५ मध्ये यामाहाची आरएक्स १०० आली. यांपैकी बहुतेक गाड्या खास खडीच्या वाटेसाठी बनविलेल्या नव्हत्या. वापरणाऱ्यांनी त्यांना त्या वाटेवर नेले. धुराविषयीचे नियम कडक होत गेले तशा या गाड्या विक्रीतून मागे पडल्या. तरीही खेड्यांतून जुन्या गाड्या अद्याप चालताना दिसतात. अशी गाडी सुरक्षित राहावी आणि तीवरील माणूसही सुरक्षित राहावा, यासाठी पुढील माहिती उपयोगी पडेल.

इंजिनाची रचना व तेलाचे महत्त्व

चार-स्ट्रोक इंजिनात पिस्टनच्या चार धावांतून एकदा शक्ती मिळते. टू-स्ट्रोकमध्ये दर दोन धावांतून एकदा मिळते. त्यामुळे लहान व हलके इंजिनही चांगली ओढ देते. झडपांची गुंतागुंत नसल्याने दुरुस्तीही सोपी असते. परंतु या इंजिनाच्या तळाशी तेलाचा वेगळा साठा नसतो. पेट्रोलचे मिश्रण क्रँककेसमधून जाताना त्यात मिसळलेले तेलच बेअरिंग, पिस्टन व सिलिंडर यांना वंगण पुरविते. पेट्रोल आत गेले तरच तेल आत जाते, ही गोष्ट गाडी चालविणाऱ्याने कधीही विसरू नये. पुढील बहुतेक सूचना या एकाच गोष्टीतून निघतात.

एक लिटर पेट्रोलमध्ये २० मिलिलिटर तेल घातल्यास ५० ला १ असे प्रमाण होते. ४० मिलिलिटर घातल्यास २५ ला १ होते. आपल्या गाडीस कोणते प्रमाण हवे ते कंपनीच्या पुस्तिकेवरून ठरवावे. तेल टू-स्ट्रोकसाठीचेच असावे व ते मापानेच घालावे. बाटलीच्या झाकणाने अदमासे ओतू नये. तेल कमी पडले तर पिस्टन सिलिंडरला धरतो. जास्त झाले तर प्लग तेलकट होतो, धूर वाढतो व सायलेन्सरमध्ये काजळी साचते. काही गाड्यांत तेलाची वेगळी टाकी व पंप असतो. तेथे मिश्रण करावयाचे नसते, मात्र टाकीतील तेलाची पातळी रोज पाहावी लागते. घरात चार-स्ट्रोक गाडीही असेल तर तिच्या पेट्रोलमध्ये हे तेल चुकूनही घालू नये. दोन गाड्यांसाठी दोन निरनिराळ्या रंगांचे डबे ठेवले म्हणजे घोटाळा होत नाही.

हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते आणि जुन्या गाड्यांतील रबरी नळ्या व वॉशर त्याने खराब होऊ शकतात. किनाऱ्यावरील दमट हवेत ही अडचण अधिक जाणवते. म्हणून मिश्रण लागेल तेवढेच तयार करावे. पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर टाकी व कार्बोरेटर रिकामे करून ठेवावेत. नळ्या नरम पडल्या किंवा त्यांना भेगा गेल्या तर त्या ताबडतोब बदलाव्यात.

डांबरी रस्ता

कोरड्या डांबरी रस्त्यावर गाडी थांबविण्याचे मुख्य काम पुढचा ब्रेक करतो, कारण ब्रेक लावताच वजन पुढे सरकते. केवळ मागच्या ब्रेकवर विसंबणारा चालक थांबण्यास जास्त अंतर घेतो. दोन्ही ब्रेक एकदम लावावेत, परंतु दाब हळूहळू वाढवावा. झटका देऊ नये. पावसाची पहिली सर आली की रस्त्यावरील धूळ व सांडलेले तेल एकत्र होऊन डांबर निसरडे होते. त्या वेळी वेग निम्म्यावर आणणे शहाणपणाचे ठरते. झाडीतून जाणाऱ्या सावलीच्या रस्त्यावर पावसाळ्यात शेवाळ व कुजलेली पाने असतात. तेथे गाडी कलती करू नये.

खडी व लाल मातीची वाट

जांभ्याची सुटी खडी चाकाखाली गोट्यांसारखी फिरते. अशा वाटेवर पुढील नियम पाळावेत.

हँडल घट्ट आवळून धरू नये. पुढचे चाक थोडे हलते ते त्याला हलू द्यावे. ते आपोआप सरळ होते. हात ताठ केले की तोच हेलकावा गाडीभर पसरतो. नजर चाकाजवळच्या दगडावर न ठेवता पुढे वीस-पंचवीस पावलांवर ठेवावी. जेथे पाहावे तेथेच गाडी जाते, असा अनुभव आहे.

वेग वळणाच्या आधी कमी करावा, वळणात नव्हे. खडीवर मागचे चाक थोडे घसरले तर सावरता येते. पुढचे घसरले की माणूस पडतो. म्हणून वळणात पुढचा ब्रेक लावू नये. सरळ वाटेवरही तो दोन बोटांनी हलकेच लावावा. गाड्यांच्या चाकांनी खडी दाबली गेलेली पट्टी पकडून चालावे. दोन पट्ट्यांच्या मधला सुट्या खडीचा उंचवटा ओलांडावयाचा झाल्यास तो तिरपा नव्हे, शक्य तितका काटकोनात ओलांडावा.

उंचसखल जागी गुडघे किंचित वाकवून पायदानावर उभे राहिल्यास गाडी पायांखाली मोकळी हलते व अंगाला धक्के कमी बसतात. चढावावर योग्य गिअर आधीच टाकावा. मध्येच गिअर बदलल्यास गाडीचा जोर तुटतो व ती मागे सरकते.

व्हाळ व साकव

व्हाळातून पाणी वाहत असेल तर प्रथम उतरून पाय घालून खोली पाहावी. गढूळ व वेगाचे पाणी असेल तर ओलांडू नये. बाजार उद्या भरेल. पाणी उथळ असल्यास पहिल्या गिअरमध्ये, इंजिनाचा आवाज एकसारखा ठेवून सावकाश जावे. पलीकडे पोहोचल्यावर दोन्ही ब्रेक हलके दाबून थोडे अंतर चालावे. ड्रममध्ये पाणी शिरले असता ब्रेक लागत नाहीत, आणि हे बहुधा पुढच्या उतारावरच कळते. लाकडी साकव ओला असेल तर उतरून गाडी ढकलत न्यावी.

घाटाचा उतार

आंबोली, फोंडा, करूळ किंवा भुईबावडा या घाटांतून उतरताना टू-स्ट्रोक गाडीचा स्वभाव पूर्णपणे ध्यानात घ्यावा लागतो. या इंजिनाची स्वतःची अडवणूक चार-स्ट्रोकपेक्षा कमी असते. म्हणून ब्रेकवर अधिक भार येतो. ब्रेक सतत दाबून ठेवल्यास ड्रम तापून त्याची पकड कमी होते. दाबणे व सोडणे असे आलटून पालटून करावे. मध्ये एखाद्या रुंद जागी थांबून ड्रम थंड होऊ द्यावेत.

दुसरा धोका आतला आहे. उतारावर ॲक्सिलरेटरची मूठ पूर्ण बंद असते, पण चाके इंजिनाला वेगाने फिरवीत असतात. पेट्रोल जवळजवळ जात नाही, म्हणून मिश्रणाच्या गाडीत तेलही जात नाही. अशा स्थितीत पिस्टन धरण्याचा संभव असतो. यासाठी मधून मधून क्लच दाबून मूठ क्षणभर उघडावी, म्हणजे वंगण पोहोचते. इंजिनाचा आवाज अचानक दबला, ओढ नाहीशी झाली व गाडी मागे खेचल्यासारखी वाटली तर त्याच क्षणी क्लच दाबावा आणि गाडी कडेला घ्यावी. क्लच दाबण्यास उशीर झाल्यास मागचे चाक जखडते. इंजिन पूर्ण थंड होईपर्यंत किक मारू नये.

पेट्रोल वाचविण्यासाठी इंजिन बंद करून गाडी उतारावर सोडण्याची सवय काही ठिकाणी दिसते. ती सर्वथा सोडावी. त्यात चार पैसे वाचतात, पण सारा भार ब्रेकवर पडतो. अनेक जुन्या गाड्यांचा दिवा इंजिन फिरत असतानाच जळतो. रात्री इंजिन बंद होताच चालक अंधारात, खोल दरीच्या काठी, वेगात असतो.

ओझे

आंब्याच्या पेट्या किंवा मासळीचे टब मागे उंच बांधले की पुढचे चाक हलके होते आणि चढावावर हँडल ऐकत नाही. ओझे शक्यतो खाली व सीटच्या जवळ असावे, दोन्ही बाजूंना सारखे असावे आणि ट्यूबच्या पट्ट्यांनी घट्ट बांधलेले असावे. मागच्या चाकात ओझ्यासाठी सांगितलेली हवा भरावी. खडीवर वेगाने नेलेला हापूस बाहेरून चांगला दिसला तरी आतून दुखावतो व पिकताना डागाळतो. पेटीत भाताचा पेंढा नीट भरावा आणि वाट वाईट असेल तेथे एक पेटी कमी न्यावी. मासळीच्या टबातून झिरपणारे खारे पाणी चेन, रिम व ब्रेकच्या तारा गंजविते. फेरी संपल्यावर हे भाग गोड्या पाण्याने धुऊन, सुकवून चेनला तेल द्यावे.

नित्याची निगा

लाल धूळ एअर फिल्टरमधून आत गेल्यास सिलिंडर झिजतो. म्हणून उन्हाळ्यात फिल्टर वारंवार साफ करावा. प्लग काढून पाहिल्यास इंजिनाची प्रकृती कळते. टोक फिकट तपकिरी असेल तर ठीक. काळे व ओले असेल तर तेल किंवा पेट्रोल जास्त. पांढरट असेल तर इंजिन अति तापत आहे असे समजून मेकॅनिकला दाखवावे. एक जादा प्लग व प्लगपाना गाडीत नेहमी असावा. गाडीची ओढ हळूहळू कमी झाली तर सायलेन्सर व सिलिंडरच्या धूर बाहेर पडण्याच्या तोंडातील काजळी काढून घ्यावी.

गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर नूतनीकरण करून घ्यावी लागते. विमा, प्रदूषण तपासणीचा दाखला व चालकाचा परवाना सोबत असावा. महाराष्ट्रात १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या वाहनांनाही नवी उच्च सुरक्षा नंबरपट्टी बसविणे बंधनकारक केले आहे. हेल्मेट चालक व मागे बसणारा या दोघांनीही वापरावे. वाडी जवळ आहे म्हणून ते हँडलला अडकवून ठेवू नये. खडीच्या वाटेवर पडणारा माणूस बहुधा घराजवळच पडतो, कारण तेथे तो निर्धास्त असतो.

लक्षात ठेवावयाच्या गोष्टी

१. तेल मापाने घालावे, अदमासे नव्हे.
२. खडीवर वेग वळणाआधी कमी करावा व वळणात पुढचा ब्रेक टाळावा.
३. पाणी ओलांडल्यावर ब्रेक सुकवावेत.
४. उतारावर इंजिन बंद करू नये. मधून मधून मूठ उघडून वंगण द्यावे.
५. आवाज बदलताच क्लच दाबावा.
६. ओझे खाली, मध्ये व घट्ट बांधावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पावसाळ्यापूर्वी गावातील एखाद्या मेकॅनिकच्या मदतीने तेलाचे माप, प्लगची तपासणी व ब्रेकची जुळणी प्रत्यक्ष करून दाखवावी. एका सकाळीत होणारे हे काम आहे. त्यामुळे पुढचा हंगाम निर्धोक जाण्यास मोठे साहाय्य होईल.