फास्टर फेणे संपला, आता काय?

प्रश्न : मुलगी अकरा वर्षांची. फास्टर फेणे दोनदा वाचला, बोक्या सातबंडे तोंडपाठ. पुढे काय देऊ?

उत्तर : तिला रहस्य आणि धावपळ हवी आहे. सत्यजित राय यांचा फेलुदा द्या; अशोक जैन यांनी तो मराठीत आणलाय. मग सावकाश प्रकाश नारायण संतांचं ‘वनवास’. त्यातला लंपन जवळपास तिच्याच वयाचा, पण भाषा कानडी वळणाची, सुरुवातीला अडखळायला होतं. पहिली गोष्ट तुम्हीच मोठ्यानं वाचा. कानाला लय सापडली की पुस्तक ती तुमच्या हातातून ओढून घेईल! पुढे लंपनचीच ‘शारदा संगीत’, ‘पंखा’, ‘झुंबर’ आहेतच. वाचनालयात मात्र मोठ्यांच्या कपाटापाशीही रेंगाळू द्या. नाही आवडलं तर विसाव्या पानावर परत करू दे, रागावू नका.