एकच हायब्रिड, देशोदेशी निराळे इंजिन

वाहनकर्जाच्या चौकशीसाठी येणारे ग्राहक पूर्वी व्याजदर आणि मासिक हप्ता एवढ्या दोनच गोष्टी विचारीत असत. अलीकडे त्यांत तिसऱ्या प्रश्नाची भर पडली आहे : 'हायब्रिड घ्यावी का?' काही महिन्यांपूर्वी आमच्या इंदूरच्या शाखेत एक निवृत्त प्राध्यापक आले होते. त्यांची कन्या जर्मनीत व पुतण्या अमेरिकेत स्थायिक आहे. कन्येची हायब्रिड रात्री घरच्या विजेवर चार्ज करावी लागते, पुतण्याची कधीच करावी लागत नाही, आणि इंदुरात त्यांना हायब्रिड म्हणून दाखविलेली गाडी केवळ विजेवर एक मीटरही चालत नव्हती. "अहो, तिन्ही हायब्रिड, मग तिन्हींची तऱ्हा निराळी कशी? आणि मी चार लाख रुपये अधिक मोजायचे ते नेमके कशासाठी?" हा त्यांचा प्रश्न. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाचे सविस्तर उत्तर होय.

तीन प्रकार

हायब्रिड मोटारीत इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असतात. गाडी सुरू होताना किंवा वेग घेताना इंजिनाला केवळ हातभार लावण्याइतकीच लहान मोटर असेल, तर ती 'माइल्ड हायब्रिड'. काही अंतर निव्वळ विजेवर जाण्याइतकी मोटर व बॅटरी असेल आणि ती बॅटरी इंजिनाच्या व ब्रेकच्या ऊर्जेवर आपोआप चार्ज होत असेल, तर ती 'स्ट्राँग हायब्रिड'. बॅटरी आणखी मोठी असून ती बाहेरून चार्ज करता येत असेल, तर ती 'प्लग-इन हायब्रिड'. प्राध्यापकांनी पाहिलेल्या तीन गाड्या या तीन प्रकारांतील होत्या. मात्र कोणत्या देशात कोणता प्रकार आणि कोणते इंजिन मिळावे, हे केवळ अभियंते ठरवीत नाहीत. तेथील रस्ते, इंधन आणि सर्वांत अधिक म्हणजे तेथील करप्रणाली ते ठरविते.

जपान आणि युरोप

टोयोटाची प्रियस डिसेंबर 1997 मध्ये जपानात विक्रीस आली. तिचे दीड लिटरचे इंजिन ॲटकिन्सन तत्त्वावर चालणारे होते. या पद्धतीत सिलिंडरची झडप उशिरा बंद होते. त्यामुळे हवा-इंधनाच्या मिश्रणाचे आकुंचन कमी व ज्वलनानंतरचे प्रसरण अधिक होते आणि तेवढ्याच इंधनातून जास्त काम मिळते. अशा इंजिनाची ओढ कमी वेगात दुबळी असते. ती उणीव विजेची मोटर भरून काढते. आजही बहुतेक स्ट्राँग हायब्रिड गाड्यांचे अर्थकारण याच जोडीवर उभे आहे.

रस्ता बदलला की इंजिन कसे बदलते, याचे उत्तम उदाहरण निस्सानच्या 'ई-पॉवर' प्रणालीत सापडते. या प्रणालीत चाके फक्त मोटर फिरविते आणि इंजिन केवळ वीज निर्माण करते. 2016 साली जपानात आलेल्या 'नोट' या लहान गाडीत त्यासाठी 1.2 लिटरचे साधे इंजिन पुरेसे ठरले. 2022 मध्ये हीच प्रणाली युरोपात 'कश्काई' या मोठ्या गाडीत आली, तेव्हा मात्र दीड लिटरचे टर्बो इंजिन योजावे लागले. जपानी शहरातील संथ वाहतूक आणि जर्मनीचे वेगवान महामार्ग यांच्या गरजा एक नाहीत.

युरोपला आणखी एक कारण आहे. 2020 पासून तेथे नव्या मोटारींच्या सरासरी कार्बन उत्सर्जनासाठी किलोमीटरमागे 95 ग्रॅमचे लक्ष्य लागू झाले आणि ते ओलांडणाऱ्या उत्पादकास प्रत्येक गाडीच्या प्रत्येक जादा ग्रॅममागे 95 युरो दंड ठेवण्यात आला. परिणामी 48 व्होल्टच्या माइल्ड हायब्रिड गाड्या, अगदी डिझेल इंजिनासहही, आणि प्लग-इन गाड्या झपाट्याने वाढल्या. परंतु कागद आणि रस्ता यांत अंतर असते. प्लग-इन गाड्यांचे प्रत्यक्ष उत्सर्जन चाचणीतील आकड्याच्या सरासरी साडेतीन पट निघाल्याचे युरोपीय आयोगाच्या 2024 च्या अहवालात नमूद आहे. गाडी चार्ज करण्याचा कंटाळा हे त्याचे एक प्रमुख कारण.

अमेरिका, चीन आणि ब्राझील

अमेरिकेत गाड्या मोठ्या आणि अंतरेही मोठी. तेथे फोर्डचा एफ-150 हा मालवाहू ट्रक 3.5 लिटरच्या सहा सिलिंडर इंजिनासह हायब्रिड स्वरूपात मिळू लागला. टोयोटाची कॅमरी तर 2025 च्या मॉडेलपासून तेथे केवळ अडीच लिटरच्या हायब्रिड इंजिनातच येते.

चीनमध्ये सरकारने प्लग-इन गाड्यांना 'नवऊर्जा' वर्गात घेऊन करसवलत व हिरवी नंबरप्लेट दिली. साध्या हायब्रिडला मात्र हे लाभ दिले नाहीत. साहजिकच तेथील उत्पादकांनी दीड लिटरच्या इंजिनाला मोठी बॅटरी जोडण्याचा मार्ग धरला. धोरण फिरले की ग्राहकाचे गणितही फिरते : शांघायने 1 जानेवारी 2023 पासून प्लग-इन गाड्यांना मोफत नंबरप्लेट देणे थांबविले.

ब्राझील हा उसाचा देश. तेथे 2019 मध्ये टोयोटाने कोरोला ही गाडी 1.8 लिटरच्या अशा हायब्रिड इंजिनासह आणली, की ज्यात पेट्रोल व इथेनॉल कोणत्याही प्रमाणात चालते. हीच कोरोला युरोपात 1.8 आणि 2 लिटर अशा दोन हायब्रिड इंजिनांत, पण पेट्रोलवर चालणारी मिळते.

भारताची स्थिती

आपल्याकडे 22 सप्टेंबर 2025 पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा कराच्या दरांनुसार, चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल हायब्रिड गाड्यांवर 18 टक्के, त्याहून मोठ्यांवर 40 टक्के, तर संपूर्ण विजेवर चालणाऱ्या मोटारींवर 5 टक्के कर आहे. होंडा सिटी, ग्रँड व्हिटारा, हायरायडर यांची स्ट्राँग हायब्रिड इंजिने दीड लिटरची व इनोव्हा हायक्रॉसचे दोन लिटरचे असून या सर्व गाड्यांची लांबी चार मीटरहून अधिक आहे. त्यामुळे त्या 40 टक्क्यांच्या गटात येतात. नोंदणी कराचा भाग राज्यागणिक बदलतो. उत्तर प्रदेशाने 2024 मध्ये स्ट्राँग हायब्रिडला या करातून सूट दिली. म्हणून शेजारच्या राज्यातील आप्तांनी सांगितलेली ऑन-रोड किंमत आपल्याला लागू पडेलच असे नाही.

एकाच गाडीतही हा फरक दिसतो. ग्रँड व्हिटारा 2022 मध्ये आली तेव्हा माइल्ड हायब्रिड मॅन्युअल प्रकाराचे प्रमाणित मायलेज 21.11 आणि स्ट्राँग हायब्रिडचे 27.97 किलोमीटर प्रति लिटर होते. दोन्हींच्या नावात 'हायब्रिड' आहे. प्रकार विचारल्यावाचून सौदा करू नये, हा याचा बोध.

उसाचा धागा आपल्यालाही जोडणारा आहे. ऑक्टोबर 2022 मध्ये ब्राझीलची इथेनॉल-हायब्रिड कोरोला दिल्लीत प्रायोगिक तत्त्वावर आणण्यात आली. ऊस पिकविणाऱ्या महाराष्ट्रातील आणि उत्तर प्रदेशातील वाचकांनी या प्रयोगाकडे लक्ष ठेवावे.

आपला हिशेब

आता प्राध्यापकांच्या चार लाखांकडे वळू. समजा, स्ट्राँग हायब्रिडसाठी साध्या पेट्रोल गाडीपेक्षा 4 लाख रुपये अधिक लागतात आणि ही वाढीव रक्कम 9 टक्के दराने 7 वर्षांच्या कर्जातून उभी केली. तिचा हप्ता सुमारे 6,440 रुपये होतो आणि एकूण व्याज सुमारे 1 लाख 40 हजार. साधी गाडी शहरात प्रत्यक्ष 14 आणि हायब्रिड 21 किलोमीटर देते व पेट्रोल 105 रुपये लिटर आहे, असे धरू.

महिन्याला 1,000 किलोमीटर फिरल्यास सुमारे 24 लिटर, म्हणजे अंदाजे 2,500 रुपये वाचतात. हप्त्यातील वाढीपुढे ही बचत निम्मीही नाही. महिन्याला 2,500 किलोमीटर फिरल्यास बचत 6,250 रुपये होते आणि जमाखर्च जवळजवळ जुळतो. कर्ज फिटल्यानंतरची बचत हा निव्वळ लाभ. मात्र वापर मुख्यतः महामार्गावर असेल तर दोन गाड्यांमधील अंतर कमी होते, कारण ब्रेक लावून ऊर्जा परत मिळविण्याचे प्रसंग तेथे थोडे. विमाहप्त्यातील वाढ आणि बॅटरीच्या वॉरंटीची मुदत हेही हिशेबात धरावे.

प्राध्यापकांचे फिरणे महिन्याला जेमतेम 600 किलोमीटर निघाले. त्यांनी साधी पेट्रोल गाडी घेतली आणि वाचलेली रक्कम मुदत ठेवीतच राहू दिली. त्याच आठवड्यात दिवसभर शहरात फिरून औषधे पोहोचविणाऱ्या एका वितरकाने आमच्याकडूनच हायब्रिडसाठी कर्ज घेतले. दोघांचेही निर्णय योग्य होते. वाचकहो, शोरूमची पायरी चढण्यापूर्वी गेल्या तीन महिन्यांचे आपले किलोमीटर एका कागदावर लिहून काढा. आपल्यासाठी कोणते इंजिन, याचे निम्मे उत्तर त्याच कागदावर मिळेल.