हिवाळ्यात गटानं स्केचिंगला जायचं तर

पुण्यात रस्त्यावर बसून चित्र काढण्याजोगे दिवस म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचे. पावसाळ्यात वही भिजते, एप्रिलमध्ये नऊ वाजताच डोकं तापतं. या तीन महिन्यांत चारपाच जणांना घेऊन बाहेर पडायचं असेल तर काय काय करावं लागतं, ते इथं क्रमानं सांगतो.

त्याआधी एक. गटानं जायचं ते एकमेकांना शिकवायला नव्हे. त्यासाठी क्लास आहेत. एकट्यानं फुटपाथवर वही उघडायला संकोच वाटतो. पाचजण ओळीनं बसले की येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटतं, काहीतरी रीतसर चाललंय. गटाचा खरा उपयोग एवढाच, आणि तो पुरेसा आहे. त्यामुळे पुढाकार घेणाऱ्यानं चित्रकलेची काळजी करू नये. जागा, वेळ, ऊन आणि बसायची सोय या चार गोष्टी त्यानं पाहाव्यात. चित्र ज्याचं त्यानं काढावं.

रविवार निवडणं

कॅलेंडर घेऊन बसा आणि आधी बाद होणारे रविवार खोडा. डिसेंबरात मॅरेथॉन असते त्या सकाळी निम्मे रस्ते बंद. सवाई गंधर्व महोत्सवाच्या रविवारी निम्मा गट जागरणानं झोपलेला. एम्प्रेस गार्डनला जायचं मनात असेल तर जानेवारीअखेरच्या पुष्पप्रदर्शनाचे दिवस टाळा. तिथं तेव्हा झाडांपेक्षा माणसं जास्त दिसतात. उरलेल्यांतून पंधरा दिवसांआड एक असे रविवार घ्या. दर आठवड्याचा उत्साह तिसऱ्या खेपेला मावळतो.

जागा आणि उन्हाची दिशा

सगळ्यात जास्त डोकं इथं चालवायचं. थंडीत सूर्य पूर्वेला न उगवता आग्नेयेकडे सरकून उगवतो आणि दिवसभर दक्षिणेकडेच राहतो. डिसेंबरअखेर पुण्यात सूर्योदय सातच्या सुमारास होतो. साडेआठला सूर्य क्षितिजापासून जेमतेम सतरा अंश वर असतो, म्हणजे कुठल्याही वस्तूची सावली तिच्या उंचीच्या तिप्पट पडते. साडेदहाला तीच सावली सव्वापटीवर येते. चित्राला मजा आणणाऱ्या लांब तिरप्या सावल्या या दोन तासांतच मिळतात. म्हणून पावणेआठला जमा आणि सव्वादहाला वह्या बंद. ‘रविवार आहे, दहाला निघू’ म्हणणाऱ्याला प्रेमानं नाही म्हणा.

दिशा कळली की जागांचा हिशेब बदलतो. शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा उत्तरेकडे तोंड करून आहे. थंडीत त्याच्या दर्शनी अंगावर दिवसभरात ऊन पडतच नाही. ऊनसावलीचा खेळ रंगवायला आलेला गट तिथं हिरमुसतो. पण दारावरचे ते लांब खिळे, बुरुजांचे दगड, कमानीचे थर असं बारीक काम करायचं असेल तर तोच सारखा, न बदलणारा उजेड सोयीचा. फक्त बसायची जागाही सावलीत येते आणि गारठायला होतं, हे आधी सांगून ठेवा.

नवख्यांचा गट असेल तर पहिली जागा पाताळेश्वर. जंगली महाराज रस्त्यालगत असूनही आत शांतता असते. आठव्या शतकात काळ्या पाषाणात कोरलेलं हे लेणं, आणि अंगणातला गोल छपराचा नंदीमंडप. जाड चौकोनी खांब, वर छत्रीसारखं गोल छत. आकार इतका सोपा की पहिल्यांदाच पेन्सिल धरणाऱ्याचंही काहीतरी जमून जातं. पर्वती दुसऱ्या तऱ्हेची. वरून शहर उत्तरेकडे पसरलेलं, सूर्य पाठीमागं उजवीकडे, आणि सकाळचं धुरकट पुणे. जवळच्या इमारती गडद, पुढच्या फिक्या, त्यापलीकडच्या पुसट: जलरंगात अंतर कसं दाखवायचं ते शहरच दाखवून देतं. सोमवार पेठेतल्या त्रिशुंड गणपतीच्या दर्शनी भिंतीवरचं कोरीव काम अप्रतिम, पण त्या अंगणात दहाजणांनी बैठक मारली तर दर्शनाला येणाऱ्यांना वाट उरत नाही. तिथं तिघांचौघांनीच जावं.

आधी एकदा जाऊन येणं

जागा ठरली की आदल्या रविवारी, त्याच वेळेला, एकट्यानं जाऊन या. वेळ तीच हवी. संध्याकाळी पाहिलेली जागा सकाळी ओळखू येत नाही. चार गोष्टी बघा: ऊन कुठून येतं, दहाजण वाट न अडवता कुठं बसतील, स्वच्छतागृह कुठं आहे आणि ते खरंच उघडं असतं का, चहा कुठं मिळतो. तिसऱ्या गोष्टीकडे पुरुष आयोजक दुर्लक्ष करतात आणि मग गटातल्या बायका पुढच्या वेळी येत नाहीत.

परवानगीचं म्हणाल तर वहीत पेन्सिलनं चित्र काढणाऱ्याला सहसा कुणी हटकत नाही. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातल्या वास्तूत इझल किंवा तिपाई मांडायची असेल तर मात्र आधी तिथल्या कार्यालयात विचारा. देवळात पुजाऱ्यांना, सोसायटीच्या दारात वॉचमनला दोन शब्द बोललं की काम होतं. कॅम्पात आणि खडकीत लष्करी फाटकं, आस्थापना चित्रात घेऊ नका. ही नुसती भीती नव्हे. १९२३ च्या शासकीय गुपितांच्या कायद्यात प्रतिबंधित जागेच्या फोटोइतकाच स्केचचाही उल्लेख आहे.

निरोप आणि साहित्य

व्हॉट्सअॅपवर निरोप एकच आणि पूर्ण पाठवा: दिवस, वेळ, नेमकी भेटायची जागा, संपायची वेळ, काय आणायचं. संपायची वेळ लिहिलीत की घरी कबूल केलेलं असणारी मंडळीही येतात. संख्या बारापर्यंत ठेवा. त्याहून जास्त झाले की तो मेळावा होतो.

साहित्य फार नको. जाड कागदाची ए-फाइव्ह वही (जलरंग लावायचे असतील तर कागद किमान दोनशे जीएसएमचा), टूबी किंवा फोरबी पेन्सिल, पाण्यानं न पसरणाऱ्या शाईचं पेन, बारा वड्यांचा जलरंगाचा डबा, एक मध्यम गोल ब्रश, झाकणाची पाण्याची बाटली, जुन्या सुती कापडाचा तुकडा, वहीला दोन क्लिपा. चांगल्या कागदाची हौस असेल तर शिवाजीनगरची हातकागद संस्था १९४० पासून तेच काम करते आहे. पण सुरुवातीला महाग कागद नकोच. तो खराब होईल या धाकानं हात आखडतो.

हिवाळ्याची म्हणून तीनच जास्तीची. एक, बसायला जाड बस्कर किंवा घडीचं स्टूल. रात्रभर गार झालेल्या बेसॉल्टच्या पायरीवर पाऊण तास बसून बघा, म्हणजे बस्कर का ते कळेल. दोन, कान झाकणारी टोपी. माकडटोपीला हसणारे साडेआठला ती उसनी मागतात. तीन, बोटं उघडी राहणारे हातमोजे, किंवा जुन्या मोज्यांची टोकं कापून केलेले.

प्रत्यक्ष सकाळ: मंडई

आता एक सकाळ जवळून बघू. महात्मा फुले मंडई, जानेवारीचा पहिला-दुसरा रविवार. ही इमारत १८८६ ची. आधी मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावानं रे मार्केट म्हणायचे. गाडी आणायच्या भानगडीत पडू नका, मेट्रोचं मंडई स्टेशन आता जवळच आहे; फक्त सकाळची पहिली गाडी किती वाजता ते आदल्या दिवशी बघून ठेवा.

जमल्यावर पहिली पंधरा मिनिटं वही उघडायची नाही. फक्त एक फेरी मारायची. आत ओट्यांवर उंच बसलेले भाजीवाले, हिरव्यागार मटारचे ढीग, सोलाण्यांच्या जुड्या, गाजरं, बोरं. संक्रांत जवळ आलेली असली तर बाहेर सुगडांच्या राशी, त्यांच्या शेजारी उसाची कांडकी. काय काढायचं ते या फेरीत ज्यानं त्यानं ठरवायचं.

फेरीनंतर वहीच्या एका पानावर काडेपेटीएवढ्या तीन चौकटी आखा आणि एकेका चौकटीत तीन मिनिटांत चित्राची नुसती मांडणी करा: काळं कुठं, पांढरं कुठं, मधलं कुठं. रेषा सुंदर यायची गरज नाही. ही पायरी सगळ्यांना कंटाळवाणी वाटते आणि हीच टाळली की चाळीस मिनिटांनी लक्षात येतं, मनोरा पानाबाहेर गेला.

मंडईच्या मधल्या अष्टकोनी मनोऱ्यापुढे बहुतेकजण अडखळतात, म्हणून त्याचं थोडं सविस्तर. आधी पानावर एक उभी मध्यरेषा मारा. हात सरळ ताणून, एक डोळा मिटून पेन्सिलवर मनोऱ्याची रुंदी मोजा आणि ती उंचीत किती वेळा बसते ते बघा. ते प्रमाण कागदावर ठरवल्याशिवाय पुढं जाऊ नका. अष्टकोनाच्या समोरून आपल्याला तीनच बाजू दिसतात. मधली रुंद, दोन्हीकडच्या अरुंद. नवखा माणूस तिन्ही सारख्या काढतो आणि मनोरा चपटा होतो. दक्षिणेच्या अंगाला उभं राहिलात तर साडेआठच्या उन्हात उजवी बाजू लख्ख, समोरची अर्धवट आणि डावी सावलीत अशी तीन छटांची वाटणी आपोआप मिळते. छपरांच्या उतारांना आणि कमानींना त्यानंतर हात घाला. खिडक्या मोजत बसू नका.

दगड काळा आहे म्हणून काळा रंग घेऊ नका. डब्यातला काळा चित्र मारून टाकतो. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना मिसळा. सावलीत निळा जास्त, उन्हात तपकिरी जास्त. सकाळच्या दमट हवेत पहिला वॉश वाळायला वेळ लागतो. तो ओला असताना दुसरा चढवलात तर चिखल होतो. तेवढ्या वेळात पान उलटून माणसं काढा. आणि पान सावलीत ठेवा, स्वतःच्या अंगाच्या सावलीत का होईना. उन्हात पांढरा कागद इतका चमकतो की रंग नकळत गडद लागतात; घरी आल्यावर चित्र काळवंडलेलं दिसतं.

माणसं काढताना हमालाच्या डोक्यावरच्या पाटीपासून सुरुवात करा, चेहऱ्यापासून नको. पाटीचा तोल, मानेचा कोन, पुढचा पाय एवढं पाचसात रेषांत आलं की तो माणूस चालू लागतो. ओट्यावरच्या मावशींचं निवांत चित्र काढायचं असेल तर आधी विचारा, “मावशी, चित्र काढू का?” बहुतेक वेळा पदर सावरून परवानगी मिळते. झाल्यावर दाखवा. त्यांची टीका कुठल्याही परीक्षकापेक्षा स्पष्ट असते. अर्धा तास ओट्यासमोर बसलात तर निघताना पावशेर मटार तरी घ्या. त्यांच्या गिऱ्हाइकाच्या जागेत तुम्ही बसला होतात.

नऊनंतर गर्दी वाढते. तेव्हा सगळ्यांनी भिंतीच्या कडेला सरकायचं, पिशव्या पुढ्यात घ्यायच्या. बघे जमतातच. त्यांच्याशी आयोजकानं बोलावं, म्हणजे बाकीच्यांचा हात चालू राहतो.

वह्या मांडणं

सव्वादहाला हाक द्या आणि अर्धवट असेल तिथं थांबायला लावा. जवळच्या मोकळ्या कट्ट्यावर सगळ्या वह्या उघडून शेजारी शेजारी मांडा. हा अर्धा तास टाळून लोक घाईनं नाश्त्याला पळतात आणि गट जमवण्यातला निम्मा लाभ घालवतात. एकाच मनोऱ्याची दहा चित्रं एकत्र पाहिली की कुणी काय गाळलं ते दिसतं, आणि गाळणं हेच तर या कामातलं मुख्य कौशल्य.

इथं दोन नियम कडक पाळा. पहिला, नुसतं ‘छान’ म्हणायचं नाही. कुठली एक गोष्ट आवडली ते बोट ठेवून सांगायचं. दुसरा, न मागता दुरुस्ती सुचवायची नाही आणि दुसऱ्याच्या पानावर तर कधीच पेन्सिल टेकवायची नाही. कला महाविद्यालयातून आलेले जाणकार हा दुसरा नियम हमखास मोडतात. त्यांना बाजूला घेऊन सांगा. नवखा माणूस एकदा दुखावला की वही कायमची कपाटात जाते.

प्रत्येकाला आपल्या पानाच्या कोपऱ्यात जागा, तारीख आणि वेळ लिहायला लावा. पेठांमधले वाडे ज्या वेगानं पडताहेत ते पाहता दहा वर्षांनी चित्रापेक्षा त्या तीन ओळींना जास्त किंमत येईल.

मग मिसळ, चहा. बिल येण्याआधी पुढचा रविवार आणि जागा टेबलावरच ठरवून टाका. घरी जाऊन ग्रुपवर विचारलंत तर अंगठे येतात, माणसं येत नाहीत. आणि सुरुवात करायला बाराजण जमायची वाट पाहू नका. तिघे असाल तरी येत्या रविवारी पावणेआठला पाताळेश्वरला पोचा.